दिवसा संख्याशास्त्र, सायंकाळी पत्रकारिता: नागपुरातील एका पदविका वर्गाचे परीक्षण

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्र शिकत असतानाच मी नागपूरच्या मध्यवर्ती भागातील एका महाविद्यालयात पत्रकारितेच्या एक वर्षाच्या सायंकालीन पदविकेला प्रवेश घेतला होता. आता ओळखीतली मुलेमुली ‘ताई, हा कोर्स करावा का?’ असे विचारू लागली आहेत, तेव्हा प्रत्येकाला वेगळे सांगत बसण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहिलेले बरे. महाविद्यालयाचे नाव देत नाही, कारण मला येथे एका संस्थेची उणीदुणी काढायची नसून दोन विषय एकत्र शिकण्याचा हा सौदा कसा पडतो, ते सांगायचे आहे. माझे मत आधीच नोंदवते: ज्याच्या हाताशी दुसरा एखादा विषय पक्का आहे त्याने असा वर्ग अवश्य करावा, आणि पत्रकारिता हाच आपला एकमेव विषय समजून जो येणार असेल त्याने हे पैसे व हे वर्ष दुसरीकडे लावावे.

दोन अभ्यासक्रम एकाच वेळी चालतात का, हा सर्वांचा पहिला प्रश्न असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन पूर्णवेळ अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसून करता येतात, मात्र दोन्हींच्या तासिका एकाच वेळी येता कामा नयेत. एक प्रत्यक्ष आणि दुसरा दूरस्थ किंवा ऑनलाइन, अशीही मुभा आहे. पीएच.डी.ला ही सवलत लागू नाही. कागदावर हे इतके सरळ आहे. प्रवेशाच्या खिडकीवर मात्र ‘मूळ टीसी जमा केल्याशिवाय फॉर्म पुढे सरकणार नाही’ असे उत्तर मिळाले, आणि माझी मूळ टीसी एम.एस्सी.च्या प्रवेशाच्या वेळीच दुसऱ्या महाविद्यालयात जमा झालेली होती. आयोगाने दोन अभ्यासक्रमांना परवानगी दिली, पण टीसी एकच निघते, या साध्या गोष्टीचा विचार कोणत्याच टेबलावर झालेला दिसला नाही. चार हेलपाटे, एक बोनाफाइड, टीसीची साक्षांकित प्रत आणि मी हातानेच लिहिलेले हमीपत्र, एवढ्यावर शेवटी प्रकरण मिटले. पाचव्या दिवशी त्याच लिपिकांनी ‘हे पहिल्याच दिवशी आणलं असतं तर झालं असतं ना, बाई’ असे मला शांतपणे ऐकवले.

वर्ग सायंकाळी सहा ते साडेआठ, आठवड्यातून पाच दिवस. एम.एस्सी.ची प्रात्यक्षिके पाच वाजता संपत, त्यामुळे वेळेवर पोहोचणे तसे कठीण नव्हते. परतताना मी सीताबर्डीहून मेट्रोने सुभाषनगरला उतरत असे. पूर्वी शेवटच्या शहर बसच्या भरवशावर ज्यांनी असे सायंकालीन वर्ग केले, त्यांच्या चिकाटीचे मला या प्रवासात नेहमी कौतुक वाटे. शुल्क प्रवेश व परीक्षा धरून पंधरा हजारांच्या आत राहिले. मिळालेल्या शिक्षणाच्या मानाने ते जास्त नाही. मिळालेल्या सोयींच्या मानाने मात्र थोडे जास्तच आहे, कारण वाचनालयात वृत्तपत्रे येत ती दुपारची बांधून ठेवलेली असत आणि सायंकाळच्या विद्यार्थ्यांना ती उघडून देणारे कोणी नसे.

या वर्गाचे खरे मोल एका माणसामुळे आहे. एका दैनिकात रात्रपाळीला काम करणारे एक उपसंपादक आठवड्यातून तीन दिवस संपादन शिकवायला येत आणि तास संपला की तसेच कार्यालयात जात. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर सहा ककार लिहिले: कोण, काय, कधी, कुठे, का, कसे. हे कुठल्याही मार्गदर्शिकेत सापडते. पुढचे सापडत नाही. त्यांनी आम्हाला महानगरपालिकेचे एक दीड पानाचे प्रसिद्धिपत्रक दिले आणि त्यातली बातमी चाळीस शब्दांत काढायला सांगितली. वर्गातल्या तेवीस जणांपैकी एकवीस जणांनी कोणत्या पदाधिकाऱ्याच्या हस्ते काय झाले यापासून इंट्रो, म्हणजे बातमीचा पहिला परिच्छेद, सुरू केला. ज्या भागात दोन दिवस पाणी येणार नव्हते त्या भागाचे नाव पत्रकाच्या शेवटून दुसऱ्या ओळीत होते. सर काही बोलले नाहीत. त्यांनी ती ओळ खडूने फळ्यावर वर नेऊन लिहिली. त्या दिवसानंतर कोणतेही पत्रक मी खालून वर वाचायला शिकले.

माझे दोन विषय एकमेकांना पहिल्यांदा भेटले तेही याच तासाला. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले होते आणि तो आकडा देशभर बातम्यांत फिरला होता. पुढे हवामान खात्याने संवेदकातील बिघाडामुळे ही नोंद चुकीची झाल्याचे स्पष्ट केले. सरांनी ही घटना सराव म्हणून दिली: तुम्ही डेस्कवर, म्हणजे बातम्यांच्या संपादनाच्या टेबलावर, आहात, आकडा समोर आला आहे, आवृत्ती सुटायला चाळीस मिनिटे आहेत, काय कराल? वर्गातले निम्मे जण मथळा शोधू लागले. मी वहीत लिहिले की नागपूरचा मे महिना ४५-४७ अंशांपर्यंत जातो हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे, तेव्हा त्याच्याही नऊ-दहा अंश वर असलेला आकडा हा आधी मोजमापातील दोष असण्याची शक्यता जास्त. म्हणून शेजारच्या केंद्रांची त्याच वेळेची नोंद मागवावी आणि ती मिळेपर्यंत आकडा मथळ्यात घेऊ नये. संख्याशास्त्रात अशा आकड्याला आम्ही बहिर्वर्ती निरीक्षण म्हणतो. सरांनी ते वाचले आणि म्हणाले, ‘बरोबर, पण शेजारच्या केंद्राचा फोन कोण उचलतो हे पण लिहा. रात्री नऊला कोणी उचलत नाही.’ त्यांच्या या एका वाक्यात जेवढी पत्रकारिता मला समजली, तेवढी जनसंवादाच्या सिद्धांतांच्या नव्वद पानांत समजली नाही.

या सिद्धांतांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. त्या तासाला जुन्या वहीतून मजकूर सांगितला जाई आणि आम्ही तो उतरवून घेत असू.

कायद्याच्या विषयाबद्दल मात्र तक्रार नोंदवायलाच हवी, कारण तिथे जुनी वही ही निव्वळ कंटाळ्याची बाब राहत नाही. आम्हाला वृत्तपत्र नोंदणीसाठी १८६७चा कायदा शिकवला गेला. प्रत्यक्षात त्याची जागा घेणारा २०२३चा वृत्तपत्रे व नियतकालिके नोंदणी कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झालेला होता. बदनामीसाठी भारतीय दंड संहितेची कलमे ४९९ व ५०० पाठ करायला लावली गेली; पण १ जुलै २०२४ पासून ती संहिताच गेली होती आणि बदनामीची तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आली होती. म्हणजे आमचा वर्ग सुरू होण्याआधीच आमचा अभ्यास कालबाह्य झाला होता. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड न करण्याचा नियम, जो नवख्या बातमीदाराकडून सर्वांत सहज मोडला जातो आणि ज्यात मुलीच्या गावाचे, शाळेचे किंवा वडिलांच्या व्यवसायाचे नाव देणेही अंगाशी येऊ शकते, तो पंधरा मिनिटांत आटोपला गेला. मी एका वर्गमैत्रिणीसोबत नवीन कलमांचा तक्ता करून फळ्याशेजारी लावला. आठवडाभर तो राहिला, मग वार्षिक स्नेहसंमेलनाच्या सूचनेने झाकला गेला.

नागपुरात पत्रकारिता शिकण्याचा जो एक फायदा मुंबई-पुण्यात मिळत नाही तो हिवाळी अधिवेशनाचा. १९५३च्या नागपूर करारामुळे दरवर्षी विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे होते, आणि त्या दिवसांत सिव्हिल लाइन्स ते सीताबर्डी हा भाग शिकणाऱ्याला आयती प्रयोगशाळा मिळवून देतो. विद्यार्थ्यांना सभागृहाच्या प्रेक्षक कक्षात थोडा वेळ बसता येते, पण मला खरे शिक्षण बाहेर मिळाले. यशवंत स्टेडियमवरून निघणारे मोर्चे पोलिसांच्या कठड्यापाशी अडवले जातात आणि तिथे तासन्‌तास थांबतात. अशा एका थांबलेल्या मोर्च्याची बातमी करण्याचे काम माझ्या गटाकडे आले. आयोजक दहा हजार माणसे सांगत होते, बंदोबस्तावरचा हवालदार ‘हजारभर असतील’ म्हणत होता, आणि माझ्या गटातील मुलाने दोन्ही आकडे देऊन बातमी लिहूनही टाकली होती.

गर्दी मोजण्याची एक जुनी पद्धत आहे. अमेरिकेतील बर्कली येथे पत्रकारिता शिकवणाऱ्या हर्बर्ट जेकब्स यांनी १९६०च्या दशकात विद्यार्थी आंदोलनांच्या गर्दीचा अंदाज घेताना ती बसवली: जागेचे क्षेत्रफळ काढायचे आणि गर्दी विरळ असेल तर एका माणसामागे साधारण १० चौरस फूट, दाट असेल तर साडेचार चौरस फूट धरायचे. मी आणि मैत्रिणीने रस्त्याची रुंदी पावलांनी मोजली, ती चाळीस फुटांच्या आसपास भरली. मोर्च्याचा शेपटीपर्यंतचा पल्ला विजेच्या खांबांवरून चारशे फूट धरला. म्हणजे १६,००० चौरस फूट. विरळ धरले तर १,६००, दाट धरले तर साडेतीन हजारांच्या आसपास. पुढची गर्दी दाट आणि मागची पांगलेली होती, म्हणून आम्ही ‘सुमारे अडीच हजार’ लिहिले आणि तो आकडा कसा काढला हेही एका वाक्यात दिले. ही पद्धत थांबलेल्या गर्दीलाच लागू पडते. चालत्या मोर्च्यासाठी एका जागी उभे राहून ओळी मोजाव्या लागतात. गंमत अशी की ही पद्धत मला संख्याशास्त्राच्या वर्गात कोणी शिकवली नव्हती आणि पत्रकारितेच्या वर्गातही कोणी शिकवली नाही. दोन्हीकडच्या पुस्तकांत वेळ काढून डोकावले तेव्हा ती मधल्या फटीत सापडली. या अभ्यासक्रमाच्या आखणीत अशी भेट घडवून आणण्याची कोणतीही सोय नाही, आणि माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा दोष आहे.

हा दोष माझ्या एकटीच्या विषयापुरता नाही. वर्गात काटोलकडचा एक कृषी पदवीधर होता. आंबिया बहाराच्या, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या, संत्र्याची फळगळ झाल्यावर त्याने लिहिलेला मजकूर वर्षभरातला सर्वांत चांगला होता, कारण फळ कोणत्या कारणांनी गळते, बागायतदाराने काय करायला हवे होते आणि काय त्याच्या हातात नव्हते, हे तो कोणाला न विचारता वेगळे करू शकत होता. एक परिचारिका होती. आरोग्याच्या पत्रकांतील ‘रुग्णाची प्रकृती स्थिर’ या शब्दांमागे काय काय असू शकते ते तिने आम्हाला समजावले. या दोघांना वर्गासमोर अर्धा तास बोलायला लावावे, असे त्या उपसंपादक सरांनाच सुचले. वेळापत्रकात त्यासाठी जागा नव्हती, म्हणून ते त्यांच्या स्वतःच्या तासातून वेळ देत. उलट, जे थेट बी.ए. करून ‘मीडियात जायचे आहे’ एवढ्याच बळावर आले होते त्यांची भाषा आमच्यापेक्षा सफाईदार होती, पण तिसऱ्या महिन्यापासून ते कशाबद्दल लिहावे हे विचारत बसत. त्यात त्यांचा दोष नव्हता. असा वर्ग लिहायला शिकवतो. लिहिण्याजोगे काही देत नाही.

प्रायोगिक अंकाबद्दलही लिहायला हवे, कारण माहितीपत्रकात त्याचे रंगीत छायाचित्र छापले होते. चार पानांचा हा अंक आम्ही दोन संगणकांवर काढला, त्यातला एक मधूनमधून बंद पडे. आम्ही सारे मोबाइलवर युनिकोडमध्ये टंकलेखन करणारे, आणि पान लावायचे ते युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटवर. रूपांतर करताना रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसत आणि जोडाक्षरे फुटत. ‘कार्यकर्ते’ हा शब्द मी त्या रात्री सतरा वेळा दुरुस्त केला. हा ताप कित्येक छापखान्यांत आजही असतो, म्हणून तो सोसला हे चांगलेच झाले असे म्हणता येईल, परंतु इन्स्क्रिप्ट या संगणकावरच्या प्रमाणित मराठी कळफलकाचा सराव वर्षाच्या सुरुवातीलाच करून घेतला असता तर निम्मा वेळ वाचला असता. ज्यांना प्रवेश घ्यायचा आहे त्यांनी उन्हाळ्याच्या सुटीतच हात बसवून ठेवावा.

शेवटच्या टप्प्यात दोन महिन्यांचे प्रशिक्षण एखाद्या वृत्तपत्रात करावे लागते. जागा मिळवून देण्याचे आश्वासन होते. प्रत्यक्षात एक शिफारसपत्र मिळाले आणि दारे आपली आपण ठोठवावी लागली. मला एका दैनिकाच्या डेस्कवर जागा मिळाली, मानधनाशिवाय. पहिले तीन आठवडे ‘आज शहरात’ची यादी आणि निधनवार्ता टंकित करण्यात गेले. याची मला तक्रार नाही, कारण निधनवार्तेत नावाचा एक काना चुकला तर सकाळी सातला फोन येतो, आणि तपासण्याची सवय तिथे जशी लागते तशी कुठेच लागत नाही.

१३ मे २०२५ रोजी दहावीचा निकाल लागला. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ९५.८१ टक्क्यांवरून ९४.१० टक्क्यांवर आला होता, आणि डेस्कवर ‘निकाल पावणेदोन टक्क्यांनी घटला’ असा मथळा तयार होता. मी भीतभीत म्हटले की हा फरक १.७१ टक्केबिंदूंचा, म्हणजे दोन टक्केवारींच्या थेट वजाबाकीचा आहे. शिवाय दुसऱ्या बाजूने पाहिले तर अनुत्तीर्णांचे प्रमाण ४.१९ वरून ५.९० झाले, म्हणजे ते सुमारे ४१ टक्क्यांनी वाढले. दोन्ही विधाने खरी आहेत, आणि एक वाचून पालक निर्धास्त होतील तर दुसरे वाचून घाबरतील. मुख्य उपसंपादकांनी मान वर न करता ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘आकडे बरोबर आहेत. मथळा दोन कॉलमांचा आहे.’ टक्केबिंदू हा शब्द काही मथळ्यात बसला नाही. पण आतल्या मजकुरात त्यांनी तो ठेवला आणि चौकटीत दोन्ही वर्षांचे अनुत्तीर्णांचे प्रमाणही घेतले. माझ्या दोन विषयांच्या वर्षभराच्या एकत्रित अभ्यासातून छापील कागदावर उतरलेला ऐवज मोजला तर तो एवढाच, साधारण सहा सेंटीमीटर.

या वर्षाची किंमतही मोजावी लागली, तिचाही हिशेब दिला पाहिजे. एम.एस्सी.च्या तिसऱ्या सत्रात माझे गुण घसरले. पदविकेची अंतर्गत चाचणी आणि तिकडची प्रात्यक्षिक परीक्षा एकाच दिवशी आली तेव्हा दोन्ही विभागांनी ‘तुम्ही तिकडे बोलून घ्या’ असे सांगितले. अखेर चाचणी आठवडाभराने एकटीने दिली. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम दोन्हीकडे असतो आणि आजारी पडायला जागा कुठेच उरत नाही. दुसरा विषय प्रयोगशाळेचा किंवा शोधप्रबंधाचा असेल तर शेवटच्या सत्रात ही पदविका जोडू नये. पहिल्या वर्षातच ती करून मोकळे व्हावे. हे मी उलट केले.

पर्याय नाहीत असेही नाही. अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेच्या केंद्रात मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका आहे, पण ती पूर्णवेळ असल्याने नागपुरात राहून दुसरा विषय सांभाळत करता येत नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून दूरस्थ पद्धतीने वृत्तपत्रविद्या शिकता येते. तिथे हजेरीची कटकट नाही, पण फळ्यावर ती ओळ वर नेऊन लिहिणारे सरही नाहीत. जी मुले आता पदवीच्या पहिल्या वर्षाला आहेत त्यांना नव्या शैक्षणिक धोरणातील दुय्यम विषय म्हणून पत्रकारिता मिळते का, हे आपल्या महाविद्यालयात आधी विचारावे. मिळत असेल तर टीसीचा प्रश्नच उद्भवत नाही.

नागपूरला या विषयाची परंपरा नाही असे कोणी म्हणू नये. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये ‘हितवाद’ याच शहरात सुरू केला, आणि हिस्लॉप महाविद्यालयात १९५२च्या सुमारास पत्रकारितेचा विभाग उघडला तेव्हा देशात असे विभाग एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. माझा वर्ग तिथला नव्हे, पण प्रवेशाच्या दिवशी ही माहिती आम्हालाही अभिमानाने सांगितली गेली होती. त्या भाषणानंतर मी वाचनालयात जाऊन शहरातील जुन्या वृत्तपत्रांचे बांधीव खंड कुठे पाहायला मिळतील, असे विचारले. ग्रंथपालबाईंनी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘साडेपाचच्या आत या, बेटा.’ साडेपाचला मी संख्याशास्त्राच्या विभागातून सुटून जेमतेम वाटेवर असे. वर्षभरात ते खंड पाहणे काही जमले नाही. आता दिवस मोकळा आहे, तेव्हा पुढच्या आठवड्यात जाणार आहे.